दम आधी येतो, हाड मागून

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की साताऱ्यातली मैदानं पहाटे साडेपाचलाच भरतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि दोघांनाही त्याचे वीस गुण. पहिले दहा दिवस धाप लागते, पोटऱ्या दगडासारख्या होतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात चित्र पालटतं. दम टिकायला लागतो, घड्याळातली वेळ खाली येते, अंगात हुरूप येतो आणि सकाळी पळणारी पोरं संध्याकाळीही पळायला लागतात. मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी ठणकते. कुणी हळदीचा लेप लावतं, कुणी क्रेप बँडेज गुंडाळतं, कुणी गोळी घेऊन पळतं. ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख येते तेव्हा त्यातले काही जण लंगडत असतात.

यात नशिबाचा भाग फार थोडा. शरीर ताणाला सरावतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अख्खं शरीर एकाच चालीने सरावत नाही, हे या पोरांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं. रक्त काही दिवसांत बदलतं. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, बोलताना आपण जिला शीर म्हणतो ती, काही महिन्यांत. आणि हाड सगळ्यांत शेवटी. आपण मात्र सराव वाढवतो तो दमाकडे बघून. जे सगळ्यांत लवकर तयार होतं त्यावरून, जे सगळ्यांत उशिरा तयार होतं त्याच्यावरचं ओझं ठरवतो. पळणाऱ्यांच्या पुष्कळ दुखण्यांचं मूळ इथे आहे, आणि इजेतून परत उभं राहताना होणाऱ्या चुकांचंही.

ताणापुढे शरीर काय करतं याचा आराखडा संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये कॅनडातल्या माँट्रिअलमधून मांडला. उंदरांवर प्रयोग करताना त्यांना तीन टप्पे दिसले: आधी धक्का, मग तग धरणं, आणि ताण हटलाच नाही तर खचणं. व्यायामात आपल्याला पहिल्या दोन टप्प्यांत राहायचं असतं. तालमीत म्हणतात की मेहनत, खुराक आणि झोप हे तिन्ही मिळून अंग होतं. शरीरशास्त्रही तेच सांगतं. मैदानावर शरीराला फक्त निरोप मिळतो की इथे जास्त बळ लागणार आहे. बांधकाम नंतर होतं, घरी, बहुतेक झोपेत.

दमाचं आधी उरकून टाकू, कारण तो भाग सगळ्यांत सोपा आहे. सराव सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, एका ठोक्याला जास्त रक्त ढकललं जातं आणि त्याच वेगाला नाडी कमी पडते. एप्रिल-मेच्या उन्हाला सरावायलाही साधारण १० ते १४ दिवस पुरतात. घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. स्नायूंच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया सहा-आठ आठवड्यांत चांगल्या वाढतात. ताकदीचंही तसंच. बैठकांचा आकडा पहिल्या महिन्यात झपाट्याने वाढतो, पण मांडीचा घेर टेपवर फारसा हललेला नसतो. ती वाढ मुख्यतः मज्जातंतूंची असते: मेंदू स्नायूतले जास्त धागे एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. पोरगं म्हणतं, ताकद आली. ताकद आलीच आहे, पण ती ज्या शिरेवर आणि ज्या हाडावर ओढ घालणार आहे ते अजून जुनेच आहेत.

अंग आंबण्याबद्दल एक गैरसमज मैदानावर पक्का बसलेला आहे. लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात, असं म्हणतात. तसं नाही. पळून झाल्यावर लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येतं; पाय दुखतात ते २४ ते ७२ तासांत. दुखण्याचं कारण म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच त्याने लावलेला जोर, त्यात धाग्यांना होणारी बारीक इजा आणि तिच्या दुरुस्तीची सूज. म्हणूनच चढण्यापेक्षा उतरण्याने पाय जास्त भरतात.

सातारकरांना हे यवतेश्वराचा घाट शिकवतो. हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग निम्मा चढ आणि निम्मा उतार. लोक महिनोन्महिने चढाचा सराव करतात, कारण धाप तिथे लागते. उताराला दम लागत नाही म्हणून त्याचा सराव कुणी करत नाही. मग शर्यतीत पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला मांड्या लटपटायला लागतात, गोळे येतात आणि गुडघ्याची वाटी दुखायला लागते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा वापरला जातो, आणि न सरावलेला ब्रेक तापतोच.

यावरचा उपाय स्वस्त आहे. उताराचा एक बेताचा डोस दिला की स्नायू पुढचे कित्येक आठवडे त्याच डोसाला पुन्हा तसा दुखत नाही. हे संरक्षण पहिल्याच खेपेला तयार होतं. पहिल्यांदा फक्त १० मिनिटं, सोप्या वेगाने उतरायचं. दहा-बारा दिवसांनी १५ ते २०. मग अर्धा तास. शेवटची मोठी उतराई शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही. पाऊल आखूड ठेवायचं, टाच पुढे रोवून ब्रेक मारायचा नाही, धड किंचित पुढे. मिनिटाला पडणारी पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा आणि नडगीवरचा भार कमी होतो. मोजायचं कसं? ३० सेकंद फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारने गुणा. पावसाळ्यात अजिंक्यताऱ्याच्या किंवा सज्जनगडाच्या पायऱ्यांवर हा प्रयोग करू नका. शेवाळावरून पाय सटकतो आणि घोटा मुरगळला की सगळंच लांबतं.

इथेच एक धोक्याची गोष्ट. नवख्या माणसाने ईर्ष्येने पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारल्या तर स्नायू इतके फुटू शकतात की त्यातली प्रथिनं रक्तात उतरून मूत्रपिंडावर बेततं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. वस्ताद लोक नव्या पोराला पंचवीस-तीसपासून सुरुवात करायला लावतात ते उगीच नाही.

आता हाड. हाड म्हणजे मेलेला खांब नव्हे. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं की ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड स्वतःची रचना बदलतं. पण बदलण्याची त्याची रीत विचित्र आहे. नवा भार आला की आधी जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. दोन-तीन आठवडे त्या बारीक बोगदे पाडतात. मग भरणाऱ्या पेशी येतात, आणि ते बोगदे भरायला तीन महिने तरी लागतात. भराव पडला तरी त्यात कॅल्शियम पूर्ण मुरायला आणखी काही महिने जातात. म्हणजे जोरात सराव सुरू केल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या पुढे हाड काही काळ आधीपेक्षा कमजोर असतं. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो आणि पोरगं दिवसातून दोनदा पळत असतं. स्लॅब ओला असताना सेंटरिंग काढून वर विटा रचाव्यात, तसं होतं ते.

म्हणून नडगीच्या दुखण्यात पहिलं काम म्हणजे ते कोणतं आहे ते ओळखणं. खुर्चीत बसून अंगठ्याने नडगीच्या हाडाची आतली कड वरून खाली दाबत जा. खालच्या भागात चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखतं, पळायला लागल्यावर अंग तापलं की कमी होतं आणि थांबल्यावर परत येतं, तर बहुधा तो हाडाच्या कडेवर आलेला ताण आहे. एकूण पळणं निम्म्यावर आणायचं, दोन दिवस लागोपाठ पळायचं नाही, पोटरीचा व्यायाम सुरू करायचा. यातून बहुतेक जण सावरतात.

पण बोटाच्या टोकाएवढ्या जागीच कळ येत असेल, पळत जाऊ तसं दुखणं वाढत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारताच जीव जात असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यायचा. पळणं त्या दिवशी बंद. इथे आणखी एक फसगत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसत नाही. 'फोटोत काही नाही' म्हटलं की पोरगं दुसऱ्या दिवशी परत मैदानावर. लक्षणं पक्की असतील तर हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा, किंवा तीन आठवडे चीर आहे असं धरूनच वागा. नडगीच्या पुढच्या बाजूला, बरोबर मध्यावर दुखत असेल तर ती जागा भरायला फार हट्टी असते. आणि पळताना जांघेत खोल दुखत असेल तर अजिबात वाट पाहू नका. खुब्याच्या हाडाच्या मानेला गेलेली चीर सरकली की मोठं ऑपरेशन लागतं.

नडगीच्या आतल्या कडेची साधी चीर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवावं लागतं. परत सुरू करायची अट दिवसांवर ठरवू नका, पायावर ठरवा. आठवडाभर रोजचं चालणं-फिरणं न दुखता, दाबल्यावर न दुखता, आणि ३० मिनिटं झपझप चालणं न दुखता जमलं की एक मिनिट पळणं आणि चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा. दिवसाआड. दोनदा बिनदुखीचं झालं की दोन मिनिटं पळणं आणि तीन चालणं. असं करत ३० मिनिटं सलग पळण्यापर्यंत यायचं. एखाद्या टप्प्यावर दुखलं तर दोन दिवस थांबायचं आणि एक पायरी खाली उतरायचं. वेगाचं आणि घाटाचं नाव त्यानंतर.

हाडाला पोसायचं कसं, हेही जाणून घेण्यासारखं आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही डझन धक्क्यांनंतर हाडाच्या पेशी जणू बहिऱ्या होतात. पुढचे हजार धक्के त्यांच्या कानावर पडत नाहीत. मधे सहा-आठ तास गेले की त्या परत ऐकू लागतात. म्हणजे दुखणं नसलेल्या माणसाने सकाळी ४० आणि संध्याकाळी ४० दोरीच्या उड्या मारल्या, तर त्या तासभर रेटण्यापेक्षा हाडाच्या जास्त उपयोगाच्या. जाहिरात निघण्याची वाट न पाहता या उड्या आणि आठवड्यातून तीन दिवस हलकं पळणं वर्षभर चालू ठेवलं, तर ग्राउंडच्या तयारीला लागेपर्यंत हाडाचं काम झालेलं असतं. बुटांना आणि डांबराला शिव्या घालणारे बरेच भेटतात. माझ्या मते खरा दोष पृष्ठभागाचा कमी आणि अचानक बदलाचा जास्त. मातीवर महिनाभर पळून एकदम डांबरावर उतरणं, किंवा जाड बूट टाकून पातळ बूट घालणं, हाही वाढीव भारच असतो.

आणि खाणं. वजन कमी करायचं आणि सरावही वाढवायचा, असा बेत एकाच महिन्यात केला की शरीर हाडाच्या खात्यातून उसनवारी करतं. मुलींच्या बाबतीत याची खूण अगदी स्पष्ट असते: पाळी लांबते, मग बंद होते. 'सराव जास्त झाला की होतं तसं' म्हणून ते सोडून देऊ नये. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं आणि आधी जेवण वाढवणं, ही दोन्ही कामं ताबडतोब करायची. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. पाव लिटर दुधात ते साधारण ३००, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या जवळपास. दोन वेळा दूध आणि एका वेळची नाचणीची भाकरी घेतली की बराचसा हिशेब भागतो.

कंडरेची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त चुकीचे उपाय होतात. टाचेमागची शीर सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं आखडलेली असते, मग मोकळी होते. लोक महिनाभर आराम करतात, दुखणं जातं, पळायला लागतात, आठ दिवसांत परत दुखतं. कारण आरामाने दुखणं कमी झालं, पण शिरेची ताकदही कमी झाली.

कंडरा मुख्यतः कोलॅजनच्या धाग्यांची असते. जोराचा व्यायाम झाला की पहिले २४ ते ३६ तास धागे तुटण्याचं प्रमाण जुळण्यापेक्षा जास्त असतं, आणि त्यानंतर ७२ तासांपर्यंत पारडं जुळण्याकडे झुकतं. म्हणून उड्या, चढाच्या जोरदार फेऱ्या आणि वेगाचं पळणं यांच्यामध्ये दोन ते तीन दिवसांचं अंतर लागतं. रोज केलं तर जुळणी कधीच पूर्ण होत नाही. आणखी एक आश्चर्याची गोष्ट डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवली. १९५५ ते १९६३ च्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता. त्याच्या खुणा शिरेत शोधल्यावर कळलं की टाचेमागच्या शिरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. बिघडलेला गाभा नवा होत नाही, तर त्याच्या भोवतीचा निरोगी भाग भार उचलायला शिकतो. म्हणून काम हळू चालतं, आणि बारा आठवड्यांच्या आत निकाल मागणं व्यर्थ आहे.

भार हेच इथे औषध आहे. स्वीडनच्या उमेआ गावातल्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये जो व्यायाम मांडला तो आजही घरच्या पायरीवर करता येतो. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर यायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. १५ चे तीन संच गुडघा सरळ ठेवून, १५ चे तीन संच गुडघा थोडा वाकवून, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० उतराया, बारा आठवडे. हे जमलं तर उत्तम, पण नोकरी-शेती सांभाळून दोन वेळा कुणी करत नाही. त्यामुळे मी दुसरी पद्धत सुचवेन, २०१५ मध्ये दोन्हींची तुलना झाली तेव्हा जिचे निकाल पहिलीच्या तोडीस तोड आले: आठवड्यातून तीनच दिवस, पण जड आणि संथ. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. सुरुवात १५ च्या तीन संचांनी, मग दर दोन-तीन आठवड्यांनी आकडा कमी आणि वजन जास्त करत ६ च्या चार संचांपर्यंत. जिम नसेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो तांदळाची पिशवी, पुढे दोन. शेवटच्या आवर्तनाला पाय थरथरला पाहिजे. सहज होत असेल तर वजन कमी आहे.

दुखतं तेव्हा काय करायचं, याचा एक साधा नियम आहे. शून्य ते दहाच्या मापात चार-पाचपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा कालपेक्षा वाढला, तर कालचा डोस जास्त झाला. सकाळची पहिली दहा पावलं हीच मोजपट्टी. ती वहीत लिहून ठेवा, रोज, एक आकडा. दुखणं टाचेच्या हाडाला जिथे शीर चिकटते तिथेच असेल, तर पायरीखाली टाच उतरवू नका, व्यायाम सपाट जमिनीवर करा. खाली उतरताना शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं. पोटरी जोरजोरात ताणण्यानेही तेच होतं. शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन पळायला जाऊ नका, शीर तुटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनीही शीर कमजोर होते. तापासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ती दिली गेली असतील, तर डॉक्टरांना आपण पळतो हे सांगा.

आरामाची किंमत किती, याचं डॅलसमधलं १९६६ चं उदाहरण अंगावर येतं. वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं, आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पावपटीहून जास्त घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त नेलं होतं. ऑपरेशननंतर 'अंथरुणातून उठू देऊ नका' म्हणणाऱ्या घरच्यांचं प्रेम खरं असतं, पण आजच्या काळात बहुतेक डॉक्टर लवकर उठवतात ते यासाठी.

गुडघ्याच्या लिगामेंटच्या, म्हणजे दोन हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्याच्या, ऑपरेशननंतर घरोघरी होणारी एक चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. रुग्णाला बरं वाटतं, पण गुडघा थोडा वाकलेलाच राहतो, आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा पुढे आयुष्यभर लंगडवतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर उशी टाचेखाली ठेवायची, गुडघा मधे मोकळा, १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुसरं काम मांडीचा स्नायू जागा करण्याचं. गुडघ्यात थोडंसं पाणी असलं तरी मज्जातंतू त्या स्नायूचा पुरवठाच बंद करतात. माणूस जोर लावतो आणि मांडी ढिम्म. म्हणून आधी सूज उतरवायची, आणि तासातासाला मांडी १० सेकंद आवळून धरायची, दहा वेळा. तिसरं, चांगल्या पायाचा व्यायाम सोडायचा नाही. एका पायाने केलेल्या मेहनतीचा काही वाटा मज्जासंस्थेच्या वाटेने दुसऱ्या पायाच्या ताकदीला पोचतो. हात प्लास्टरमध्ये असला तरी हेच.

यानंतरचा टप्पा फसवा आहे. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गुडघा दुखत नाही, सूज नसते, माणूस जिना चढतो, गाडी चालवतो. पण ऑपरेशनमध्ये तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेल्या नव्या शिरेत याच काळात रक्तवाहिन्या शिरत असतात, जुने धागे विरत असतात, आणि ती सगळ्यांत कमजोर असते. भरतीच्या पोराच्या नडगीची गोष्ट इथे पुन्हा घडते: वाटणं पुढे, बांधकाम मागे. २०१६ च्या नॉर्वेतल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळाकडे परतणं दर महिन्याने लांबवलं तसं पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेलं. सांगलीच्या स्मृती मानधनाला जानेवारी २०१७ मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची इजा झाली आणि जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं आणि सांगावंही. पण कबड्डीच्या मैदानावर उतरायच्या तारखेसाठी ते उदाहरण वापरू नये. नऊ महिने, दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या ९० टक्के, एका पायावरची लांब उडीही ९० टक्के, आणि अचानक दिशा बदलताना मनात धास्ती नाही, अशा चार गोष्टी जुळल्या तरच.

भार मोजायला महागडं घड्याळ लागत नाही. सरावानंतर अर्ध्या तासाने, किती जड गेलं ते शून्य ते दहात ठरवा आणि मिनिटांनी गुणा. ४० मिनिटं आणि पाचची मेहनत म्हणजे २००. आठवड्याची बेरीज करा. ही बेरीज एका आठवड्यात दीडपट झाली असेल तर पुढचा आठवडा आखडता घ्या. दर आठवड्याला दहा टक्के वाढवण्याचा प्रसिद्ध नियम नेदरलँड्समध्ये नवख्यांवर तपासला गेला, तेव्हा तो पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांत इजा सारख्याच निघाल्या. त्यामुळे त्या आकड्याला चिकटून बसू नका. मला जास्त भरवशाची वाटते ती दुसरी नोंद: गेल्या तीस दिवसांतलं सगळ्यांत लांब पळणं किती होतं? आजचं त्याच्या फार पुढे जाऊ नये. रविवारी ग्रुपबरोबर आठाचे एकदम चौदा किलोमीटर होतात, ती खरी ठिणगी. तीन आठवडे चढते आणि चौथा हलका, एवढं ठेवलं तरी पुरतं.

प्रथिनांचा हिशेब पटकन सांगतो. किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ९६. अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, ५० ग्रॅम सुक्या मटकीच्या उसळीत ११-१२, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७-८. भाकरीतूनही थोडं मिळतं. एका बैठकीत सगळं कोंबण्यापेक्षा चार वेळा वाटून घ्या, कारण व्यायामानंतर २४ ते ४८ तास स्नायू ते उचलत असतो. इजेच्या काळात 'आता व्यायाम नाही, मग खायचं कशाला' म्हणून जेवण तोडू नका. जखम भरायलाही माल लागतो. झोप सात तासांच्या खाली नेऊ नका. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे साडेचारला मैदान, हे गणित किती आठवडे चालेल?

इजेतून बरे होऊन पुन्हा यवतेश्वर पळायचा असेल, तर आधी घाट चढा आणि उतरताना गाडीने या. चढाला गुडघ्यावर आणि नडगीवर धक्का कमी असतो, दमाचं आणि पोटरीचं काम मात्र पुरेपूर होतं. टाचेमागची शीर दुखत असेल तर उलट. चढ तिलाच ओढतो, मग सपाट रस्ता आधी. तीन-चार आठवडे असं करून, दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखलं नाही, की उताराची पहिली दहा मिनिटं घ्या. समर्थ मंदिराकडच्या शेवटच्या टप्प्यापुरतीच. तो टप्पा ओळखीचा असतो, खाली पोचायला वेळ लागत नाही, आणि मधेच काही ठणकलं तर चालत घरी जाता येतं.